प्रश्नाखाली तारीख घाला

पत्र:

ताई, नमस्कार. आमच्या इंदूरच्या कॉलनीत मराठी घरं बरीच आहेत आणि दर गणपतीत सामान्यज्ञानाची स्पर्धा होते. प्रश्न काढायचे माझे चुलत सासरे. बँकेतून निवृत्त झालेले, वाचन दांडगं, दरारा त्याहून दांडगा. गेल्या गणपतीत, ३१ ऑगस्टच्या रविवारी, त्यांनी विचारलं, "भारताचे उपराष्ट्रपती कोण?" कॉलेजमधली एक मुलगी म्हणाली, "आत्ता कुणीच नाही, पद रिकामं आहे." काकांच्या कागदावर जगदीप धनखड होते. त्यांनी उत्तर चूक दिलं. मुलगी ऐकेना, तिचे वडील उठून उभे राहिले, कुणीतरी मोबाइल पुढे केला, काका म्हणाले मोबाइलवर काहीही येतं. तिची टीम त्या एका प्रश्नानं हरली आणि काका दुसऱ्या दिवसापासून मांडवात फिरकले नाहीत. आता पाडव्याला स्पर्धा घ्यायची ठरली आहे आणि प्रश्न काढायचं काम कार्यकारिणीनं माझ्या गळ्यात घातलंय. मी शाळेत गणित शिकवते. चालू घडामोडी म्हणजे माझ्यासाठी सकाळचा पेपर, तोही अर्धा. माझी मुलगी म्हणते एआयला सांग, पाच मिनिटांत शंभर प्रश्न देईल. ती स्वतः स्पर्धेत उतरणार आहे. भंवरकुआंच्या क्लासेसमध्ये पीएससीची तयारी करणारी पोरंही येतात, ती सगळ्यांना धुऊन काढतात आणि बाकीचे नुसते टाळ्या वाजवतात. काकांना न दुखवता आणि भांडण न होता हे कसं निभावू?
– एक सून, इंदूर

उत्तर:

सूनबाई, त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. हे आधी मिटवू या, कारण तुमच्या कॉलनीत ते अजून मिटलेलं दिसत नाही.

धनखड यांनी २१ जुलै २०२५ च्या रात्री राजीनामा दिला. सी. पी. राधाकृष्णन ९ सप्टेंबरला निवडून आले आणि १२ तारखेला त्यांनी शपथ घेतली. गणपती बसले २७ ऑगस्टला, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. म्हणजे तुमच्या मांडवात बाप्पा होते तेवढ्या सगळ्या दिवसांत देशाला उपराष्ट्रपती नव्हता. काकांनी प्रश्न बहुधा आषाढात काढून ठेवला असणार. तेव्हा त्यांचं उत्तरही बरोबरच होतं. प्रश्न फाइलमध्ये पडून राहिला आणि दिल्लीत मात्र सगळं हललं.

चालू घडामोडींच्या प्रश्नाची गंमत आणि गोची हीच आहे. सिंहगड कोणत्या जिल्ह्यात, याचं उत्तर तुम्ही दिवाळीत काढा नाहीतर होळीत, तेच राहील. पदावर कोण, याचं नाही. २०२५ चे सरन्यायाधीशच घ्या. १३ मेपर्यंत संजीव खन्ना, १४ मेपासून २३ नोव्हेंबरपर्यंत भूषण गवई, २४ नोव्हेंबरपासून सूर्य कान्त. "२०२५ मध्ये सरन्यायाधीश कोण होते?" असं कुणी विचारलं तर तीन टीम तीन उत्तरं देतील आणि तिघी बरोबर असतील. त्यातून गवई अमरावतीचे, त्यामुळे मराठी मांडवात त्यांचं नाव सगळ्यात मोठ्यांदा ओरडलं जाईल, ते वेगळंच.

म्हणून पहिलं काम: नावनोंदणीच्या कागदावरच छापा की अमुक तारखेपर्यंतच्या घडामोडी विचारल्या जातील. यंदाचा, म्हणजे २०२६ चा, पाडवा १९ मार्चला आहे. फेब्रुवारीअखेर सोयीची वाटते, पण ती ठेवू नका. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना ८ मार्चला आहे. तो बाहेर ठेवलात तर पोरं तुम्हाला माफ करणार नाहीत. १० मार्च ठेवा. मग नऊ दिवस हातात राहतात आणि तेवढे पुरतात. आता ५ मार्चला नेपाळची निवडणूक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. निकालानंतर सरकार कधी बनेल याचा भरवसा नाही, म्हणून "नेपाळचे पंतप्रधान कोण" हा प्रश्न या वेळी काढूच नका. "सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळच्या हंगामी पंतप्रधान कोण झाल्या, आणि त्याआधी रस्त्यावर कोण उतरलं होतं?" हा काढा. हा प्रश्न पुढच्या वर्षीही खराब होणार नाही.

"सध्या", "नुकतंच", "आत्ता" हे शब्द प्रश्नात आले की पेन खाली ठेवा आणि त्यांच्या जागी तारीख घाला. एवढं केलंत तरी निम्मी भांडणं मिटतील.

उरलेली निम्मी जरा अवघड आहेत, कारण तिथे तारीख बरोबर असते आणि तरी उत्तरं दोन निघतात. तुमच्याच शहराचं उदाहरण देते. इंदूर स्वच्छतेत सलग किती वेळा पहिलं आलं? मांडवातलं शेंबडं पोरही आठ म्हणेल. २०१७ ते २०२३ च्या सर्वेक्षणांत सात वेळा, आणि त्यातलं सातवं सुरतेबरोबर विभागून. पुढचा निकाल १७ जुलै २०२५ ला लागला, तेव्हा इंदूरला नेहमीच्या क्रमवारीतून काढून 'सुपर स्वच्छ लीग' नावाच्या वेगळ्या वर्गात वर बसवलं. नेहमीच्या यादीत दहा लाखांवरच्या शहरांत पहिलं अहमदाबाद, दुसरं भोपाळ. आता हे आठवं म्हणायचं की नाही? महापालिका म्हणेल हो, अहमदाबादकर म्हणतील आम्हीच पहिले. हा प्रश्न इंदुरात विचारू नका, निदान माइकवरून तरी नका. विचारायचाच तर असा: "२०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला क्रमांक विभागून कोणत्या शहराला मिळाला?" उत्तर एकच, आणि अर्ध्या कॉलनीला येणार नाही, कारण आपण आपलंच नाव वाचून पेपर मिटतो.

'पहिला' आणि 'दुसरा' या शब्दांचं असंच. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला निघाले, दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोचले, १५ जुलैला परतले. "अंतराळात जाणारे दुसरे भारतीय कोण?" असं विचारलंत की कुणीतरी कल्पना चावला म्हणणार, कुणी सुनीता विल्यम्स. त्या दोघी भारतीय वंशाच्या, पण अमेरिकेच्या नागरिक, इथपर्यंत तुम्ही सांभाळाल. मग भंवरकुआंचं एखादं पोरगं उठेल आणि सांगेल की मे २०२४ मध्ये गोपीचंद थोटाकुरा खासगी यानातून काही मिनिटांसाठी अंतराळाच्या हद्दीपलीकडे जाऊन आले, त्यांचं काय करता? आणि ते पोरगं खोटं बोलत नसेल. "आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोचलेले पहिले भारतीय अंतराळवीर" म्हणा, सगळे गप्प.

मथळ्यांवरून प्रश्न काढणं हाही एक सापळा आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. कुणीतरी उत्साहात तिला जगज्जेती म्हणणारच. विश्वचषक वेगळा, जगज्जेतेपद वेगळं. ते तेव्हा चीनच्या जू वेन्जुनकडे होतं. तुम्ही "महिला जगज्जेती कोण" विचारून कागदावर दिव्याचं नाव लिहिलंत तर ज्याला बुद्धिबळ कळतं तो मुलगा घरी जाऊन बापाला सांगेल, आणि पुन्हा एक बाप उठून उभा राहील. पुरस्कारांचंही तपासा. मोहनलाल यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला तो २०२३ सालासाठीचा, हातात पडला सप्टेंबर २०२५ मध्ये. दोन्ही सालं प्रश्नात घाला.

काही प्रश्न मात्र सरळ टाळावेत. भारत जगातली चौथी अर्थव्यवस्था की पाचवी? मे २०२५ मध्ये नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी चौथी म्हटलं, आणि नाणेनिधीचा त्या वेळचा आकडा हा चालू वर्षाचा अंदाज होता, जपानपेक्षा केसभर जास्त. यावर मांडवात वाद घालून कुणाचं ज्ञान वाढणार नाही, रक्तदाब तेवढा वाढेल. जीएसटीचे दर किती, हाही तसाच. ५ आणि १८ असे दोन म्हणाल, तर कुणी ४० टक्क्यांचा विशेष दर दाखवेल आणि सराफ्यातला कुणी म्हणेल सोन्यावर ३ टक्के आहेत ते विसरलात का. त्यापेक्षा विचारा, "२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, देशभर कोणत्या कराचे नवे दर लागू झाले?" ब्रिक्सचे सदस्य किती, यावर सौदी अरेबिया धरायचा की नाही असा घोळ आहे. "२०२६ मध्ये ब्रिक्सचं अध्यक्षपद कोणत्या देशाकडे?" यावर नाही. आपल्याकडे.

गाइडबुकं घरात असतील तर रद्दीत घाला. मध्य प्रदेशात जिल्हे ५२ असं त्यातल्या कितीतरींत अजून छापलेलं सापडेल. २०२३ मध्ये मऊगंज, पांढुर्णा आणि मैहर झाले, आता ५५ आहेत. पांढुर्णा म्हणजे आपला मराठी मुलूख, संत्री आणि गोटमारीचा. तो जिल्हा झाला हे इंदूरच्या मराठी माणसाला माहीत नसेल तर जरा लाज वाटायला हवी, म्हणून हा प्रश्न अवश्य घाला. राज्यं २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८ हेही जुन्या पुस्तकांत २९ आणि ७ असतं. मधे काही महिने केंद्रशासित प्रदेश ९ होते. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले तेव्हा ८ उरले.

आता खरी गोष्ट. तुम्ही विचारलंत भांडण कसं टाळू. मी म्हणेन, तेवढ्यावर थांबू नका. भांडण न होणारे पण बेचव प्रश्न काढणं सोपं आहे, त्यासाठी तुमची गरज नाही. चालू घडामोडींची परीक्षा घ्यायची म्हणजे माणसानं बातमी वाचली की नुसतं नाव पाठ केलं हे बघायचं. "उपराष्ट्रपती कोण" हे पाठांतर आहे. "२०२५ मध्ये उपराष्ट्रपतिपद रिकामं असताना राज्यसभेचं कामकाज कोणी चालवलं?" हे वाचन आहे. उत्तर, उपसभापती हरिवंश. आणि ज्याला घटना येते त्याच्या डोक्यात लगेच पेटतं की उपराष्ट्रपती हा राज्यसभेचा पदसिद्ध सभापती असतो, मग खुर्चीवर उपसभापतीच बसणार. नाव माहीत नसलं तरी विचार करून जवळ पोचता येतं. माझ्या मते असाच प्रश्न चांगला. याच धाग्यावर आणखी एक: "महाराष्ट्राच्या राज्यपालपदावरून थेट उपराष्ट्रपती झालेले दोन जण कोण?" एक राधाकृष्णन, दुसरे शंकर दयाळ शर्मा, १९८७ मध्ये. शर्मा भोपाळचे, पुढे राष्ट्रपती झाले. इंदूरच्या मराठी मांडवासाठी याहून चपखल प्रश्न मला तरी सुचत नाही.

'का' विचारा. "इंदूर मेट्रो प्रवाशांसाठी ३१ मे २०२५ लाच का सुरू झाली?" त्या दिवशी अहिल्याबाईंची तीनशेवी जयंती होती, पंतप्रधान भोपाळला आले होते, तीनशे रुपयांचं नाणं निघालं, आणि मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातल्या स्थानकांना स्त्रियांची नावं दिली, त्यात अहिल्याबाईंचं आणि झाशीच्या राणीचंही. रोज सुपर कॉरिडॉरवरून जाणाऱ्यांना हे येतं का ते बघाच.

'कुठे' विचारा, आणि तेही नकाशावर. जगाचा एक मोठा कोरा नकाशा आणा, त्यावर टाचणी लावायला सांगा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आसियानचा अकरावा सदस्य झालेला देश: तिमोर-लेस्त. १ जानेवारी २०२६ ला स्वतःचं चलन सोडून युरो घेणारा देश: बल्गेरिया. मग भारताचा नकाशा पुढे करा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा कोणता, आणि टाचणी कुठे? जिंजी, तामिळनाडू. राजाराम महाराज तिथे राहिले होते हे आजोबांना येईल आणि किल्ला यादीत गेला हे नातीला. एकाच टेबलावर दोघांचं काम होईल. मात्र दिवाळी याच यादीत गेली असं लिहू नका. १० डिसेंबर २०२५ ला दिवाळी गेली ती अमूर्त वारशाच्या यादीत. युनेस्को एकच, याद्या दोन.

भंवरकुआंच्या मुलांचं म्हणाल तर त्यांना बंदी घालू नका. वर्षानुवर्षं खोलीत बसून वाचणाऱ्या मुलांना पाडव्याच्या दिवशी कुणीतरी बोलावून श्रीखंड-पुरी वाढतंय, ते थांबवण्यात काय शहाणपण? टीम मात्र चिठ्ठ्या टाकून करा. एक पंधराच्या आतला, एक साठीच्या वरचा, तिसरा कुणीही. आणि एक फेरी अशी ठेवा जिच्यात पाठांतराला भाव कमी आहे. तीन इशारे, पहिल्यावर ओळखलं तर तीस गुण, दुसऱ्यावर वीस, तिसऱ्यावर दहा. तुम्ही गणिताच्या, म्हणून हा नमुना खास तुमच्यासाठी. पहिला इशारा: हे गृहस्थ गणिताचे पदवीधर, आणि २०२५ मध्ये त्यांचं नाव जगभर झालं. दुसरा: जन्म शिकागोचा, बरीच वर्षं पेरू देशात काम. तिसरा: ८ मेला त्यांची निवड झाली तेव्हा एका चिमणीतून पांढरा धूर निघाला. पोप लिओ चौदावे. पहिल्या इशाऱ्यावर कुणी ओळखलं तर त्याला तीस गुण द्या आणि वर एक पेढा द्या.

एआयबद्दल तुमची लेक अर्धी बरोबर आहे. शंभर प्रश्न पाच मिनिटांत येतील. पण त्या यंत्राचं वाचन एका तारखेला थांबलेलं असू शकतं आणि ते तुम्हाला आपणहून सांगेलच असं नाही. चुकीचं उत्तरही ते तितक्याच ठाम आवाजात देतं. या एका बाबतीत ते थेट काकांवर गेलंय. कच्चा माल म्हणून घ्या, भाषा घासून घ्या, पण उत्तर एकूणएक स्वतः तपासा. सरकारी निर्णय आणि नेमणुका पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतात, नोबेलचं नोबेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, क्रिकेटचं आयसीसीच्या. प्रत्येक प्रश्नाला एक कार्ड करा. त्यावर प्रश्न, उत्तर, आणखी कोणतं उत्तर चालेल ते, कुठून घेतलं आणि कोणत्या तारखेला तपासलं. पदांवरच्या माणसांचे प्रश्न पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली की पुन्हा एकदा बघा. शंभर कशाला हवेत? चाळीस पुष्कळ झाले, वर दहा राखीव.

राखीव यासाठी की आक्षेप येणारच. त्याचा नियम आधी वाचून दाखवा. आक्षेप फेरी संपायच्या आत, चिठ्ठीवर लिहून, टीमच्या एकानंच द्यायचा. वडिलांनी नाही. निर्णय दोघांनी घ्यायचा, त्यातला एक कॉलनीबाहेरचा असला तर फारच बरं. प्रश्नच सदोष निघाला तर तो रद्द करून राखीवातला विचारायचा. अर्धे गुण, "बरं चला देऊन टाकू" वगैरे काही नाही. आणि माइकवर बसलेल्यानं निकाल द्यायचा नाही. प्रश्न विचारणारा आणि न्याय देणारा एकच माणूस असला की त्याला आपल्या कागदाची बाजू घ्यावीच लागते. गेल्या वर्षी काकांची अडचण झाली ती इथे.

तुमच्या मुलीचं थोडक्यात: तुम्ही प्रश्न काढणार असाल तर ती खेळणार नाही. ती कितीही प्रामाणिक असली तरी. ती पहिली आली तर कुजबुज होईल आणि ती तिलाच भोगावी लागेल. फुरंगटेल दोन दिवस. गुणफलक तिच्याकडे द्या. तेही नको म्हणाली तर पुढच्या वर्षी प्रश्न दुसऱ्या कुणाला काढू दे आणि ती खेळू दे.

आता काका. त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जा, मिस्टरांना पुढे करू नका. पुतण्यानं सांगितलं की घरचं प्रकरण होतं, आणि प्रश्न काढायचं काम तुमच्याकडे आलंय, म्हणजे बोलायचा अधिकारही तुमचाच. "तुम्ही चुकलात" हे वाक्य लागणारच नाही. त्यांच्यापुढे फक्त तारखा ठेवा, २१ जुलै, ३१ ऑगस्ट, ९ सप्टेंबर. मुदत उलटलेला चेक त्यांनी काउंटरवर आयुष्यात कधी घेतला नसेल. प्रश्नाचीही तशीच मुदत उलटली होती, हे बँकेतल्या माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. ते लगेच हो म्हणतील असं मात्र धरून चालू नका. "बघू" म्हणाले तरी पुष्कळ आहे.

आणि रिकाम्या हातानं जाऊ नका, काम घेऊन जा. त्यांना एक फेरी द्या, 'तेव्हा आणि आता'. प्रश्नाचा पहिला अर्धा त्यांचा, दुसरा तुमचा. एप्रिल १९८४ मध्ये अंतराळात कोण गेलं, आणि त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी कोण? १९८३ चा विश्वचषक कुणाच्या नेतृत्वाखाली आला, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा कुणी आणला? हरमनप्रीत कौर. याच स्पर्धेत आपल्या होळकर स्टेडियमवर भारत इंग्लंडकडून चार धावांनी हरला होता. तो सामना बघायला गेलेले कॉलनीत निघतील आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा पडेल, पण विचाराच. इंदुरात साहित्य संमेलन शेवटचं २००१ मध्ये झालं, जानेवारी २०२६ चं कुठे? साताऱ्याला. आणि शेवटी काकांना हा एक प्रश्न स्वतःच्या आवाजात विचारू द्या: आणीबाणी १९७५, कपिलदेवचा विश्वचषक १९८३, शुभांशु शुक्लांचं उड्डाण २०२५, तिन्हीत तारीख एकच, कोणती? २५ जून. पहिल्या दोन्ही दिवसांच्या आठवणी काकांकडे असणार, त्या ते सांगायला लागले की त्यांना आवरू नका, वेळापत्रक थोडं घसरलं तरी चालेल.

गणपतीत हरलेल्या त्या मुलीचा हिशोब मात्र याच्याशी मिसळू नका. तो कार्यकारिणीचा आहे. स्पर्धा सुरू होण्याआधी अध्यक्षांनी दोन वाक्यं वाचावीत: ३१ ऑगस्ट २०२५ रोजी उपराष्ट्रपतिपद रिकामं होतं, म्हणून त्या दिवशी दिलेलं तसं उत्तर बरोबर धरलं आहे आणि दोन्ही टीम संयुक्त विजेत्या आहेत. कुणाचं नाव नको, दिलगिरीचं भाषण नको. दुसऱ्या टीमकडून बक्षीस परत मागू नका. आणखी एक आणा, मंडळाच्या खर्चात ते सहज बसतं. काकांना हे आदल्या दिवशी सांगून ठेवा, मांडवात पहिल्यांदा ऐकू देऊ नका.

बरोबरी झाली तर काय, हेही ठरवून ठेवा, नाहीतर रात्री दहाला पुन्हा गोंधळ. बझर, रॅपिड फायर काही नको. दोन्ही टीमना कोरा कागद द्या आणि आकडा लिहायला सांगा, जो जवळ जाईल तो जिंकला. "मराठी ही आपली मातृभाषा आहे असं किती लोकांनी सांगितलं?" उत्तर सुमारे ८ कोटी ३० लाख. पण प्रश्नाच्या आधी "२०११ च्या जनगणनेनुसार" हे जोडायला विसरू नका. त्यानंतरची जनगणना २०२७ ची आहे, ती झाली की हे कार्ड बदला.